पाठीवरचा पंप आणि अंगात मुरणारे विष

कीटकनाशक पिकावर फवारले तरी ते सगळे पिकावर पडत नाही. काही जमिनीवर ठिबकते, काही वाऱ्याने शेजारच्या रानात जाते आणि काही फवारणाऱ्याच्याच अंगावर येते. अंगावर येणारा वाटा लहान असला तरी तो कपड्यांवरच थांबत नाही. कातडीतून, श्वासातून आणि तोंडावाटे तो शरीरात शिरतो. हा धोका फक्त पंप मारणाऱ्याला नाही. औषध कालवून देणारा, फवारलेल्या शेतात निंदणी-वेचणी करणाऱ्या बाया, कोकणातल्या आंब्याच्या बागेत डोक्यावरच्या फांद्यांवर फवारा सोडणारा गडी, द्राक्षबागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालवणारा, डासांसाठी गल्लीबोळांत धूरफवारणी करणारा पालिकेचा कामगार, असे उघड्यावर राबणारे अनेक जण त्याच्या टप्प्यात येतात.

यवतमाळमध्ये काय घडले

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले, त्याने या प्रश्नाकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले. जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करणारे ८०० हून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधा होऊन रुग्णालयांत दाखल झाले. जिल्ह्यात किमान २० जण दगावले. अकोला, अमरावती, बुलढाणा या शेजारच्या जिल्ह्यांतही बळी गेले. यांनी विष घेतले नव्हते. रोजचे काम करताना ते अंगात गेले होते. मळमळ, उलट्या, चक्कर, अंधुक दिसणे, श्वास लागणे, भ्रम होऊन असंबद्ध बोलणे अशा तक्रारी घेऊन माणसे दवाखान्यात येत होती.

त्यामागे एकच एक कारण नव्हते. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच आणि दाट वाढली होती. अनेक शेतांत झाडे माणसाच्या छातीच्या वर गेली होती. झाड गुडघ्याएवढे असताना फवारा खाली पडतो. झाड खांद्याला लागले की फवारा तोंडासमोर मारावा लागतो आणि माणूस त्याच ढगातून पुढे चालतो. हातपंपाऐवजी बॅटरीवर किंवा पेट्रोलवर चालणारे जोरकस पंप आले होते. त्यांतून निघणारे बारीक तुषार हवेत जास्त वेळ तरंगतात आणि श्वासाबरोबर आत जातात. बीटी कपाशीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीची धास्ती होती, रसशोषक किडीही होत्या. त्यामुळे फवारण्यांची संख्या वाढली आणि दोन-तीन कीटकनाशके एकाच टाकीत मिसळली गेली. कधी त्यांत विद्राव्य खत किंवा टॉनिकचीही भर पडली. अशा मिश्रणाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे कोणत्याही डब्यावर लिहिलेले नसते. वरून भादव्यातला उकाडा आणि दमट हवा. अंगावर बनियन-शर्टापलीकडे काही नाही.

राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण, फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण, असिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस या पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी घालण्यात आली. पुढे २०२० मध्ये यवतमाळमधल्या काही बाधितांनी आणि मृतांच्या कुटुंबीयांनी डायफेन्थियुरॉन बनवणाऱ्या स्विस कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली.

विष शिरते कुठून

तोंडाला रुमाल बांधला की बचाव झाला, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात शेतातल्या फवारणीत विष शरीरात जाण्याची सर्वांत मोठी वाट म्हणजे कातडी.

शरीराच्या सगळ्या भागांची कातडी मात्र सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे मोजले गेले. हाताच्या कोपरापुढच्या भागावर लावलेल्यापैकी सुमारे ९ टक्के विष शरीरात शोषले गेले. तळहातावर हे प्रमाण १२ टक्के, पोटावर १८, टाळूवर ३२, कपाळावर ३६ आणि कानाच्या पोकळीत ४६ टक्क्यांच्या घरात होते. जांघेत, वृषणाच्या कातडीवर लावलेले जवळजवळ सगळेच्या सगळे आत गेले.

हे आकडे डोळ्यांसमोर ठेवून पाठीवरच्या पंपाकडे पाहिले म्हणजे धोका कळतो. १५-१६ लिटरची टाकी काठोकाठ भरलेली असते. झाकणाचा वायसर झिजलेला असतो. चालताना, वाकताना द्रावण पाठीवर झिरपते आणि कमरेवरून जांघेपर्यंत उतरते. शर्ट आणि पँट ओलीच राहतात. दुपारी जेवायला बसलेला माणूस हात धुतो, पण ओले कपडे संध्याकाळपर्यंत अंगावर तसेच असतात. उन्हात रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने कातडी भिजते आणि शोषण आणखी वाढते. अंगावर ओरखडे किंवा खरूज असेल तर विषाला वाट अधिकच मोकळी होते.

सर्वांत घातक क्षण प्रत्यक्ष फवारणीचा नसून त्याआधीचा असतो. बाटलीतले औषध पाण्यात मिसळलेले नसते, त्यामुळे त्याचा एक थेंब टाकीतल्या द्रावणापेक्षा कितीतरी पट तीव्र असतो. ते टोपणाने मोजताना बोटांवर सांडते. काही जण बादलीत कोपरापर्यंत हात घालूनच ढवळतात. ‘ईसी’ असे लिहिलेल्या औषधांत तेलकट द्रावक असतात. ते कातडीतून शोषणाला मदत करतात. नोझल तुंबले की ते तोंडाने फुंकण्याची सवय तर विष सरळ जिभेवर नेऊन ठेवते. विदर्भात खर्रा आणि इतरत्र तंबाखू-चुना हातावर मळून खाण्यानेही तेच होते.

शरीरात काय बिघडते

भारतात फवारणीच्या विषबाधेत ऑरगॅनोफॉस्फेट या गटाचा वाटा मोठा राहिला आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, असिफेट ही त्यातली ओळखीची नावे. किडीची मज्जासंस्था बंद पाडणे हे त्यांचे काम आणि माणसाची मज्जासंस्थाही त्याच तत्त्वावर चालते. मज्जातंतूकडून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप पोचवण्यासाठी असिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते. निरोप पोचला की कोलिनएस्टरेज हे विकर त्याचा लगेच निचरा करते. ऑरगॅनोफॉस्फेट या विकरालाच जखडून टाकते. मग निरोप थांबत नाहीत आणि ग्रंथी पाझरत राहतात.

लक्षणे त्यातूनच येतात. तोंडाला लाळ सुटते, डोळे-नाक गळतात, दरदरून घाम फुटतो, पोटात कळ येऊन उलट्या-जुलाब होतात. डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक होतात आणि समोरचे धूसर दिसते. स्नायू आपोआप फडफडतात, नंतर गळून जातात. छातीत पाणी झाल्यासारखा श्वास घरघरतो. मृत्यू येतो तो बहुतेक वेळा श्वास बंद पडल्याने.

उपचारात अट्रोपिन हे मुख्य औषध आहे. छातीतली घरघर थांबेपर्यंत आणि नाडी सुधारेपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. प्रॅलिडॉक्सिम हे दुसरे औषध जखडलेले विकर सोडवण्याचा प्रयत्न करते. मात्र वेळ जाईल तशी ही पकड पक्की होते, म्हणून ते उशिरा देऊन फारसा उपयोग होत नाही. सुरुवातीची लक्षणे ओसरली म्हणजे धोका टळला असेही नाही. १ ते ४ दिवसांत मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. काही औषधांमुळे दोन-तीन आठवड्यांनी हातापायांत बधिरपणा आणि अशक्तपणा येतो. ‘आता बरे वाटते’ म्हणून दुसऱ्याच दिवशी रुग्णालयातून निघून जाणे त्यामुळे जिवावर बेतू शकते.

इतर गटांची तऱ्हा वेगळी असते. कार्बामेट गटही याच विकराला धरतो, पण त्याची पकड आपोआप सुटते. पायरेथ्रॉइडने चेहऱ्याला मुंग्या येतात आणि आग होते. पाण्याने ती काही वेळा वाढल्यासारखी वाटते. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेले तर फुप्फुसे हळूहळू निकामी करते आणि त्यावर उतारा नाही. द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन शरीरातली दारू पचवण्याची क्रिया अडवते. ते हाताळून संध्याकाळी दारू घेतलेल्या मजुराचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोके ठणकते, दम लागतो. इतरांना ही दारूचीच बाधा वाटते. म्हणून हे काम करणाऱ्याने कामाआधी आणि नंतर बरेच दिवस दारूला शिवू नये.

सावकाश भरून निघणारी घट

‘इतकी वर्षे फवारतो, काही झाले नाही,’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. त्यात एक फसगत आहे. तांबड्या पेशींमधले कोलिनएस्टरेज एकदा निकामी झाले की ते भरून येण्याचा वेग दिवसाला साधारण १ टक्का असतो. समजा, एका फवारणीत ते १५ टक्क्यांनी घटले. त्या दिवशी फारसे जाणवणार नाही. डोके दुखेल, भूक मंदावेल, उन्हाचा त्रास म्हणून माणूस झोपून जाईल. पुढची फवारणी आठ दिवसांनी आली तर मधल्या काळात निम्मीच तूट भरून निघालेली असते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला, औषध आणि प्रमाण तेच असूनही, तोच माणूस बांधावर कोसळतो. रोज वेगवेगळ्या शेतकऱ्यांकडे रोजाने पंप मारणाऱ्या मजुराला तर आठ दिवसांचीही उसंत मिळत नाही. स्वतःच्या शेतात अधूनमधून फवारणाऱ्या मालकापेक्षा त्याचा धोका मोठा तो यामुळेच.

ही घट रक्ताच्या साध्या तपासणीत कळते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून अशी औषधे नियमित हाताळणाऱ्या कामगारांची हंगामाआधी आणि हंगामात कोलिनएस्टरेज चाचणी करावी लागते. पातळी मूळच्या तुलनेत २० टक्क्यांनी उतरली की कामाच्या पद्धतीची चौकशी होते. तांबड्या पेशींमधले विकर ३० टक्क्यांनी उतरले की कामगाराला त्या कामावरून दूर ठेवतात. भारतातील १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही फवारणीच्या कामावरील माणसांची वेळोवेळी वैद्यकीय तपासणी आणि ऑरगॅनोफॉस्फेट व कार्बामेट हाताळणाऱ्यांची दरमहा कोलिनएस्टरेज चाचणी करण्याची तरतूद आहे. गावच्या रोजंदारीवर ती कधी पोचलेली नाही.

वर्षांनी दिसणारे परिणाम

तीव्र विषबाधा डोळ्यांना दिसते. थोडे थोडे विष अनेक वर्षे अंगात जात राहिल्याचे परिणाम शोधावे लागतात. अमेरिकेतील आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात फवारणी करणारे शेतकरी आणि त्यांच्या घरचे मिळून सुमारे ८९,००० लोकांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला जात आहे. काही कीटकनाशकांचा संबंध ठरावीक कर्करोगांशी, तर पॅराक्वाट आणि रोटेनोन यांचा संबंध कंपवाताशी असल्याचे त्यातून पुढे आले. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकऱ्यांच्या कंपवाताला व्यवसायजन्य आजाराचा दर्जा दिला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेनला माणसात कर्करोग करणारे, तर मॅलाथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना बहुधा कर्करोग करणारे ठरवले. ग्लायफोसेटबद्दल अनेक देशांच्या नियामक संस्थांचे मत वेगळे आहे. संस्थेचे वर्गीकरण ‘यापासून कर्करोग होऊ शकतो का’ या प्रश्नाचे उत्तर देते. ‘किती वापराने किती जणांना होईल’ हे ते सांगत नाही. याखेरीज बुरशीनाशकांनी हातांना आणि मानेला होणारा इसब, दम्यासारखा खोकला, हातापायांच्या मुंग्या, विसराळूपणा अशा तक्रारी दीर्घकाळ फवारणी करणाऱ्यांत आढळतात.

गर्भवती आणि लहान मुले यांना थोड्या मात्रेनेही धोका असतो, कारण गर्भाच्या आणि मुलांच्या मेंदूची घडण चालू असते. फवारणीचे कपडे घरच्या इतर कपड्यांत भिजवले, पंप माजघरात ठेवला, बापाने तसेच येऊन लेकराला उचलून घेतले, तर विष शेतातून घरात येते. ते कपडे धुणारी बाई पंप न उचलताही बाधित होते.

कायदा आणि डब्यावरचा रंग

१९५८ मध्ये मुंबईहून जहाजाने केरळला गेलेल्या धान्य-पिठाच्या मालात पॅराथिऑन मिसळले गेले आणि १०० हून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीनंतर पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. त्याच्या नियमांनुसार प्रत्येक डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची रंगीत खूण असते. लाल म्हणजे अतितीव्र विष, त्यावर कवटी आणि हाडांचे चित्र. त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हे रंग सांगतात ते एका वेळच्या मात्रेने किती लवकर जीव जाऊ शकतो एवढेच. वर्षानुवर्षांच्या संपर्काने काय होईल, हे रंगावरून कळत नाही. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांच्यासह १८ कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून मनाई होती. त्याच्या सर्वत्र विकल्या जाणाऱ्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा निर्णय व्हायला २०२३ उजाडले. केरळमधील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या मळ्यांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरने फवारलेल्या एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. २०१७ मध्ये पाच हजारांहून अधिक बाधितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेशही त्याच न्यायालयाने दिला.

नुकसानभरपाईत एक फट राहते. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरली जाते. मात्र लाभ सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. दुसऱ्याच्या रानात पंप मारणारा भूमिहीन मजूर त्यात बसत नाही.

बचाव कसा करावा

बचावाची पहिली पायरी म्हणजे विषाची गरजच कमी करणे. कामगंध सापळे लावून किडीची संख्या मोजावी, आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याशिवाय फवारू नये, निंबोळी अर्कासारखे पर्याय आधी वापरावेत. फवारावेच लागले तर लाल-पिवळ्या खुणेऐवजी कमी तीव्र औषध निवडावे आणि शिफारस नसलेली मिश्रणे टाळावीत.

त्यानंतर पद्धत. गळका पंप दुरुस्त केल्याशिवाय पाठीवर घेऊ नये. औषध लांब काठीने ढवळावे. नोझल तारेने किंवा जुन्या ब्रशने साफ करावे. सकाळी किंवा संध्याकाळी, वारा पाठीमागून येईल अशा दिशेने फवारावे. पीक छातीएवढे झाले असेल तर समोर मारत पुढे न जाता बाजूच्या सरीवर मारत मागे सरकावे. एकाच माणसाने सलग दिवसभर फवारू नये. फवारलेल्या शेतात डब्यावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत निंदणीला किंवा वेचणीला मजूर लावू नयेत.

कपडे आणि साहित्य सर्वांत शेवटी येते. नायट्रिल रबराचे हातमोजे, पाठीला व कमरेखाली झाकणारा प्लॅस्टिकचा एप्रन, चष्मा, टोपी, गमबूट आणि गाळणी असलेला मास्क एवढे तरी हवे. ओला रुमाल वाफ अडवत नाही. उलट विष नाकाशी धरून ठेवतो. उकाड्यात पूर्ण संच तासन्‌तास घालवत नाही, हे खरे आहे. सगळे शक्य नसेल तर औषध कालवताना हातमोजे आणि फवारताना पाठ-कमरेचा एप्रन, या दोन गोष्टी सोडू नयेत. काम संपताच साबणाने आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी टाकीतच ओतावे, डब्याला भोके पाडावीत. २०१३ मध्ये बिहारमधल्या एका शाळेत मोनोक्रोटोफॉसच्या अंशाने दूषित झालेल्या तेलात शिजवलेले माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले गेली, हे विसरू नये.

बाधा झालीच तर

मळमळ, धूसर दिसणे, जास्त घाम किंवा लाळ, छातीत घरघर यांतले काहीही जाणवले तर फवारणी तिथेच थांबवावी. माणसाला सावलीत, वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्यावे. भिजलेले कपडे उतरवून अंग, केस आणि नखे साबण-पाण्याने धुवावीत. डोळ्यांत गेले असल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाणी सोडावे. मदत करणाऱ्याने स्वतःचे हात झाकावेत. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. ईसी औषधातले द्रावक त्यामुळे फुप्फुसात जाऊ शकते. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्यावी, कारण कोणते विष आहे हे कळल्याशिवाय डॉक्टरांना योग्य उपचार ठरवणे अवघड जाते. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर चोवीस तास सल्ला देते.

औषध विकत घेणारा आणि ते अंगावर घेणारा ही बहुतेक वेळा दोन वेगळी माणसे असतात. म्हणून मजुराला पंप देण्याआधी टाकीत काय आहे ते त्याला सांगणे, हातमोजे व एप्रन पुरवणे आणि काम संपल्यावर साबण-पाण्याची सोय करणे, हे शेतमालकाचे काम आहे. फवारणीच्या खर्चात औषध आणि मजुरी यांच्यासोबत ही तिसरी बाबही प्रत्येक शेतकऱ्याने धरावी.